चरित्रांतून हरवलेला पाळणा

स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुतांशीं चरित्रग्रंथांच्या द्वारेंच वाचला जातो, आणि त्या ग्रंथांची ठराविक रचना आतां वाचकांच्या अंगवळणीं पडली आहे. विरोध करणारा समाज, पाठीशीं उभा राहणारा पति अथवा पिता, समुद्रपर्यटन, परीक्षा, पदवी व मानपत्र. या मालिकेंत एक वस्तु शोधूनही सांपडत नाहीं. ती म्हणजे पाळणा. विद्यार्थिनीला मूल असलें तर तें दिवसभर कोणाजवळ होतें, तापानें फणफणलें तेव्हां उशाशीं कोण बसलें, पुस्तकांच्या खर्चाबरोबर दुधाचा खर्च कोणीं सोसला, हे प्रश्न चरित्रकारास गौण वाटतात. आमच्या मतें ते गौण नाहींत. ज्या घरांत आज सून वैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गांत आहे आणि दोन वर्षांचा नातू आजीच्या कडेवर आहे, त्या घरांतील वाचकाला जुन्या चरित्रांकडून नेमकें हेंच जाणून घ्यावयाचें असतें.

प्रथम डॉ. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण घेऊं. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र मराठी चरित्रवाङ्मयांत मोलाचें आहे. एका स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीचें चरित्र लिहावें, आणि तेंही पत्रांच्या आधारें, हें त्या काळीं लहान साहस नव्हतें. पुढें श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ सालीं आली; २०१९ सालीं ही कथा चित्रपटांतही अवतरली. कोवळ्या वयांत आनंदीबाईंना पुत्र झाला व तो दहा दिवसांत वारला, ही घटना लोकप्रिय कथनांत त्यांच्या वैद्यकीच्या ध्यासाचें बीज म्हणून येते. स्वतः आनंदीबाईंनीं मात्र १८८३ सालीं श्रीरामपूर येथील भाषणांत परदेशगमनाचें कारण म्हणून हिंदुस्थानांतील स्त्री-वैद्यांची गरज पुढें ठेविली होती. दोन्ही कारणें खरीं असूं शकतील. त्या दुःखाचें मोल कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु कथाकाराला मृत बालक फार सोयीचें पडतें, हें नमूद केलें पाहिजे. तें प्रेरणा देतें आणि बाजूला होतें. जिवंत बालक तसें होत नाहीं. तें गोवर काढतें, आणि नेमकें परीक्षेच्या आदल्या रात्रीं दांत येऊन रडतें.

जिवंत बालक पदरीं असतां वैद्यक शिकलेल्या स्त्रीचें उदाहरण हवें तर बंगालकडे वळावें लागतें. कादंबिनी गांगुली १८८३ सालीं पदवीधर झाल्या, त्याच वर्षीं विधुर द्वारकानाथ गांगुलींशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८८४ सालीं त्यांनीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळविला. म्हणजे वैद्यकीचा अभ्यास आणि सावत्र मुलांसह संसार हीं दोन्ही ओझीं एकदमच त्यांच्या माथीं आलीं. १८८८ सालच्या एका पत्रांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं त्यांच्याविषयीं मोठ्या आश्चर्यानें लिहिलें कीं, बाळंतपणासाठीं ही बाई केवळ तेरा दिवस गैरहजर राहिली. तेव्हांपासून हे तेरा दिवस कादंबिनींवरील लेखांतून सारखे फिरत आहेत. आम्हांला त्या कौतुकानें थोडें अस्वस्थ केलें आहे. चौदाव्या दिवशीं तें अर्भक कोणाच्या मांडीवर होतें? एका स्त्रीच्या असामान्य सोशिकपणाचें माप करून पुढच्या शंभर जणींना त्यानें मोजावयाचें, ही स्तुतीची वाट नव्हे. आजही एखादी निवासी डॉक्टर बाळंतपणानंतर थकलेली दिसली कीं 'आमच्या वेळीं' हे शब्द ऐकूं येतातच.

बाहेर काम करणारी स्त्री घर नीट राखीत नसणार, या समजुतीचा मार कादंबिनींना उघड सोसावा लागला. १८९१ सालीं 'बंगवासी' पत्रानें त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले. दांपत्यानें न्यायालयांत दाद मागितली व संपादकास तुरुंगवास झाला. त्यानंतर १८९३ सालीं, मुलें घरीं ठेवून, त्या एडिंबरोला गेल्या आणि तेथील व ग्लासगोच्या पदविका घेऊन परतल्या. त्या रोग्यांकडे जातांना घोड्याच्या गाडींत बसून लेस विणीत, ही आठवण कुटुंबांतील लेखनामुळें टिकली आहे. पदव्यांच्या यादीपेक्षां या एका तपशिलानें त्यांच्या दिवसाचा वेग अधिक कळतो.

आतां जो ग्रंथ आम्ही या विषयावर सर्वांत वाचनीय मानतों तो चरित्रच नव्हे. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीं जमविला व अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं तो १९७७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. रमाबाईंची कन्या मनोरमा १८८१ सालची. पुढच्याच वर्षीं रमाबाईंना वैधव्य आलें. आणि १८८३ सालीं दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याची इच्छा होती, पण श्रवणदोषामुळें तो मार्ग बंद झाला. मग चेल्टनमच्या महाविद्यालयांत त्या शिकूंही लागल्या आणि संस्कृत शिकवूंही लागल्या. अशा वेळीं मुलीच्या संगोपनाचा पुष्कळ भार वाँटेज येथील भगिनींनीं उचलला. मनोरमा जेराल्डिनबाईंना 'आजीबाई' म्हणे.

या 'आजीबाई' शब्दांतच सर्व गुंता आहे. मूल जो सांभाळतो त्याला त्या मुलाविषयीं बोलण्याचा अधिकार वाटूं लागतो. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वें शिकवावीं यावरून दोघींत तीव्र वाद झाला, आणि हा निर्णय आईचा आहे ही भूमिका रमाबाईंनीं सोडली नाहीं. परक्या देशांत, आश्रयदात्यांच्या उपकाराखालीं राहून असें बोलणें सोपें नव्हतें. आपल्या घरांत वाद धर्मतत्त्वांचा नसेल, बाळगुटीचा किंवा शाळेच्या माध्यमाचा असेल, प्रकार तोच. मात्र वाचकानें सावध राहावें. संग्रह करणारी व्यक्ति स्वतःच या वादांतील एक पक्ष होती, आणि तिचा सूर जागोजागीं उमटला आहे. असें असूनही तिनें आपल्याला प्रतिकूल असलेलीं रमाबाईंचीं पत्रें जपून ठेविलीं, याचें श्रेय तिला दिलें पाहिजे.

१८८६ सालीं आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, आणि त्या देशांत त्यांनीं बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला. याच काळांत मनोरमेला मात्र त्यांनीं पुन्हा इंग्लंडला भगिनींकडे पाठविलें. परक्यांच्या मुलांसाठीं शिक्षणशास्त्र शिकावयाचें आणि आपलें मूल समुद्रापलीकडे ठेवावयाचें, हा प्रसंग कोणाही कादंबरीकाराला मोह पाडील. कोणीं लिहिलाच तर त्यानें रमाबाईंना ना पाषाणहृदयी ठरवावें, ना त्यागमूर्ति. पत्रांत दिसते ती काळजी करणारी, हिशेबी आणि हट्टी आई आहे, तिलाच येऊं द्यावें.

आतां स्त्री-डॉक्टर आपल्या आठवणी स्वतः लिहूं लागल्या आहेत. २०१७ सालीं कायद्यानें पहिल्या दोन बाळंतपणांसाठीं नोकरदार स्त्रीची सवेतन रजा २६ आठवड्यांची केली, त्यामुळें तेरा दिवसांचा विक्रम करण्याची सक्ती पुष्कळींवर राहिलेली नाहीं. परंतु त्यापुढील वर्षांचें काय, हें त्या आठवणींतूनच कळावयाचें आहे. मूल सांभाळणाऱ्या बाईंचें नांव, तिचा पगार, रात्रपाळीच्या दिवशीं नवऱ्यानें काय केलें आणि काय टाळलें, असा मजकूर हस्तलिखितांत आला तर संपादकांनीं तो घरगुती म्हणून कापूं नये, एवढेंच आमचें त्यांच्यापाशीं मागणें आहे.