तलवार चालते, मस्तानी चालत नाही

संजय लीला भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. तो ज्या कादंबरीवर बेतला, ती ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) मात्र अनेकांच्या घरी कपाटातच असते. ती काढून वाचा. सिनेमातल्या आरसेमहालाची झगमग विसरायला लावेल असं काहीतरी तिच्यात आहे.

नायकाच्या जिवाला धोका रणांगणावर असतो, असं ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपण धरून चालतो. ‘राऊ’त उलटं आहे. मोहिमेवरचा बाजीराव निर्धास्त असतो; शत्रूला कोंडीत कसं पकडायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आई राधाबाई आणि भाऊ चिमाजीअप्पा यांच्याशी कसं लढायचं, ते मात्र त्याला कळत नाही. कारण ते शत्रू नाहीत, त्याच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. मला कादंबरीची ताकद इथेच दिसते. प्रत्येकजण आपापल्या परीने घराण्याची अब्रू राखतोय, आणि त्या राखण्यातच घर मोडतं.

इतिहासही फार वेगळं सांगत नाही. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत गुंतलेला असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं गेलं. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला तो वारला, तेव्हा त्याला चाळीसही पूर्ण नव्हती. पाठोपाठ मस्तानी गेली. तिची कबर पाबळला आहे. त्यांचा मुलगा समशेरबहाद्दर मुसलमान म्हणूनच वाढला, आणि १७६१ साली पानिपतावर पेशव्यांच्याच बाजूने लढला. तिथल्या जखमांनीच तो गेला. म्हणजे पंगतीला तो परका, पण लढाईत रक्त सांडायला घरचा!

तरी एक तक्रार आहेच. कादंबरीचं नाव ‘राऊ’ आहे आणि नजरही बरीचशी त्याचीच. बुंदेलखंड सोडून आलेल्या मस्तानीचं सौंदर्य आणि निष्ठा आपल्याला दिसते. तिची स्वतःची अब्रू कशात होती, हा प्रश्न तितक्या आस्थेने विचारला जात नाही. काशीबाईंचं सोसणं वाचताना आपले डोळे भरून येतात. पण त्या सोसण्याला मोठेपणा दिला की इतर सगळे सुटतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

‘राऊ’ आज वाचायची ती यासाठी. जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न ठरवलेल्या कुणालाही विचारा. घोड्यावरून कुणी चालून येत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर दिवाणखान्यात बैठक बसते, आई रडते, काका समजावतात, आणि सगळे म्हणतात, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. शनिवारवाड्यातही हेच चाललं होतं.