‘सव्यसाची’ : एका समीक्षापदाचा विचार

मराठी समीक्षेत ‘सव्यसाची’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. कथा, कविता, नाटक, निबंध यांपैकी तीन प्रकारांत ज्याची पुस्तके निघाली तो सव्यसाची, असा जणू संकेतच पडला आहे. या विशेषणामागून एक गृहीतही समीक्षेत शिरते. ते असे की, दोन्ही हात सारखे चालणे हे उपजत प्रतिभेचे लक्षण होय. या शब्दाची आणि या गृहीताची छाननी करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे प्रायः डावा. (मराठीत तो पुष्कळदा उजव्याच्या अर्थी घेतला जातो; तो घोटाळा निराळा.) विराटपर्वात उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगताना अर्जुन म्हणतो की, गांडीव ओढण्याच्या कामी आपले दोन्ही हात उजवेच आहेत. लॅटिन ‘अँबिडेक्स्टर’ या शब्दाचा अवयवार्थही ‘दोन्हीकडे उजवा’ असाच होतो. डाव्या हाताला मान मिळाला तो उजवा होऊनच! मराठीने तरी काय वेगळे केले? ‘ऋजु’पासून ‘उजवा’ झाला आणि ‘डाव्या’पासून ‘डावलणे’. परंतु अर्जुनाच्या उत्तरातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हात दोन असले तरी गांडीव एकच आहे. सव्यसाचित्व हे अनेक शस्त्रे बाळगण्यात नसून एकच धनुष्य दोन्ही बाजूंनी ओढण्यात आहे.

शरीरशास्त्राचा पुरावाही त्या गृहीताला अनुकूल नाही. डावखुरे लोक शंभरात सुमारे दहा असतात. दोन्ही हात खरोखर समान चालणारा शंभरात एखादाच. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत, लिहितात मात्र डाव्याने. ही कामाची वाटणी झाली, सव्यसाचित्व नव्हे. फिनलंडमधील सुमारे ८,००० मुलांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ८७ मुलांचा कोणत्याही एका हाताकडे स्पष्ट कल नव्हता. त्यांच्यात आठव्या वर्षी भाषेच्या अडचणींचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. यावरून उभयहस्तता म्हणजे उणीव, असा निष्कर्ष काढणे अविचाराचे होईल; प्रतिभेचे प्रमाणपत्र मात्र ती खचितच नव्हे.

मग हे विशेषण कोणाला साजते? १९२६ साली धुळ्यास निवर्तलेल्या वि. का. राजवाड्यांना ते साजते. पण ते इतिहासकार होते ‘आणि’ भाषाशास्त्रज्ञही होते, म्हणून नव्हे. जुन्या कागदाचा काळ ठरवावयाचा तर त्यातील भाषेचे रूप ओळखावे लागते. रूपांचा क्रम लावावयाचा तर काळ ठाऊक असलेला कागद हाती असावा लागतो. त्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा डळमळीत आहेत हे मान्य करूनही म्हणावे लागते की, त्यांचे धनुष्य एकच होते.

याच खानदेशातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. असोद्यास जन्मलेल्या आणि जळगावी १९५१ साली निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली. सुगरणीच्या खोप्यावरील कवितेत त्यांनी पाखराच्या इवल्याशा चोचीसमोर माणसाचे दोन हात आणि दहा बोटे उभी केली आहेत. शाळेत हा उद्योगाचा उपदेश म्हणून शिकविला जातो. आम्हांस ते कौशल्याविषयीचे विधान वाटते. जात्यावर एक हात खुंट्यावर, दुसरा वैरण घालण्यात. उजवा दमला की डावा खुंटा धरतो, आणि तरी फेरा तुटत नाही. अष्टाक्षरी चरणाची लय ज्या देहात वर्षानुवर्षे अशी मुरली, त्याला अशिक्षित कसे म्हणावे? मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही सांगितली, पण ‘हेतु’ हा शब्द एकवचनी ठेवला. जगन्नाथाने पुढे केवळ प्रतिभेलाच कारण मानले. आमची बहिणाबाईविषयक समीक्षा न कळत जगन्नाथाच्या पक्षाला जाऊन बसली आहे. ‘निरक्षर असूनही’ हा तिचा आवडता शब्दप्रयोग पाहावा. त्यातील ‘ही’ या निपातात असे गृहीत दडले आहे की, अक्षरांवाचून अभ्यास संभवत नाही आणि जात्यावरचा हात काही शिकत नाही.