मराठीतला वाडा फक्त पडतो

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या वैरागच्या घराचं माळवद उतरवलं, तेव्हा अकरा ट्रॉल्या माती निघाली. घर तीन खोल्यांचं, माती अकरा ट्रॉल्या. गवंडीकाका खाली उभं राहून वर बघत म्हणाले, "एवढं डोक्यावर घेऊन झोपत होता व्हय तुम्ही?"

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळकुटं, त्यांवर पाला आणि त्यावर पांढरी माती. सपाट छत. पाऊस पन्हळीतून खाली. ही पांढरी माती शेतातली चालत नाही. ती गावठाणातली, बऱ्याचदा पडक्या गढीची किंवा मोडलेल्या घराची लागते. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी वर नवा थर द्यायचा. जुना थर कुणी काढत नाही. म्हणजे आमच्या डोक्यावर गावातली कितीतरी मेलेली घरं थरांनी साचलेली होती. हे वाक्य मी तेव्हा लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "लिही तू. पाटी कोण उचलणार?"

मी पुण्यात मराठी घेऊन एम.ए. करते. घर दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध माझा होता. काका म्हणत होते, यात पैसे घालण्यापेक्षा बार्शीत प्लॉट घ्या. भाऊ म्हणत होता, सोलापुरात फ्लॅट. अण्णांना दुकान सोडून जायचं नव्हतं. आईला घरात संडास-न्हाणी हवी होती आणि न गळणारं स्वयंपाकघर. मला घर होतं तसंच हवं होतं. ते तसं असण्यात काहीतरी खरं आहे असं मला वाटायचं. सुट्टीत आले की छतातल्या साण्यातून खाली पडणाऱ्या उजेडाच्या चकतीचा फोटो काढायचा, खाली दोन ओळी लिहायच्या. लाइक भरपूर यायचे.

हे मी कुठून शिकले याचा विचार आता करते. उत्तर सोपं आहे, अभ्यासक्रमातून. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' विजया मेहतांनी 1985 साली रंगमंचावर आणलं. तेव्हापासून मराठीत जुनं घर म्हटलं की धरणगावच्या देशपांड्यांचा वाडाच डोळ्यांपुढे येतो. कर्ता पुरुष गेलेला, मुंबईचा भाऊ आलेला, अंगणात बंद ट्रॅक्टर गंजतोय, आणि सगळं हळूहळू खचतंय. आम्ही वर्गात 'ऱ्हास' हा शब्द इतक्यांदा लिहिला की माझ्या वैरागच्या तीन खोल्यांनाही मी तोच चिकटवला. वास्तविक आमचा वाडा नव्हेच. पणजोबांनी बाजारात हमाली करून उभारलेलं घर ते. त्याला ऱ्हास व्हायला आधी वैभव कुठलं?

या उन्हाळ्यात नाटक पुन्हा वाचलं. बांधकामाच्या धुळीत, शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून. आणि लक्षात आलं की नाटकाला मी जितकं हळवं समजत होते तितकं ते नाही. हळवे आपण वाचक आहोत. एलकुंचवार वाड्याबद्दल हळहळत बसत नाहीत, तो उभा ठेवायची किंमत कोण देतंय ते दाखवतात. पैसा नाही, पण तेराव्याला गाव जेवायला घालायचं. शिकायचं राहून गेलेली प्रभा घरातच कडवट होते. चंदू घरचाच, पण राबतो गड्यासारखा. रात्री सगळे दागिने अंगावर घालून उभी राहणारी वहिनी आपण 'प्रतीक' म्हणून परीक्षेत लिहितो. तिला ते दागिने मिरवायला दिवसाची वेळ कधी मिळालेली नाही, एवढं साधं मला पूर्वी दिसलं नव्हतं. आणि रंजू तेच दागिने घेऊन मास्तरबरोबर पळून जाते. मला आता तिचा राग येत नाही. त्या घरात बाहेर जायची दुसरी वाट कुणी ठेवली होती?

तरीही माझी एक तक्रार उरते, आणि ती एकट्या या नाटकाबद्दल नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'वास्तुपुरुष' हा 2002 सालचा सिनेमा घ्या. मुलानं डॉक्टर व्हावं म्हणून आई जिवाचं रान करते, उत्तरा बावकरांनी ती आई अशी उभी केली आहे की विसरता येत नाही. पण तिथलं घर आपल्याला दिसतं ते घर सोडून गेलेल्या मुलाच्या आठवणीतून. आपल्याकडे घराची गोष्ट बहुतेक वेळा निघून गेलेला माणूसच सांगतो. जो मागे राहिला, जो दर मे महिन्यात माती टाकत राहिला, त्याला घर आठवायला फुरसत नसते. त्याला पन्हळ तुंबलीय का ते बघायचं असतं.

'बनगरवाडी' मला म्हणून वेगळी वाटते. माडगूळकरांची ही 1955 सालची कादंबरी. त्यात अख्खी वाडी मिळून तालीम बांधते आणि लेखक ते बांधणं तपशिलात दाखवतो. पुढे दुष्काळ पडतो, माणसं पांगतात, पण काहीतरी हातानं उभं केल्याचा आनंद त्या पानांत शिल्लक आहे. घरांच्या बाबतीत असं लिहिलेलं मला फार कमी सापडलं. आपल्या साहित्यात भरलेलं घर आहे आणि पडलेलं घर आहे. गिलावा चालू असलेलं घर जवळजवळ नाही.

आणि आमच्या भागाला तर ही गोष्ट लिहायला मोठं कारण होतं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, बहुतेक झोपेत, आमच्यासारख्याच माळवदांखाली. दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसतात, पण त्या आतली आणि बाहेरची अशा दोन वेगवेगळ्या थरांच्या असतात, मधे माती आणि खडी. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यानं भिंत फुगते, सुटते आणि वरचा मातीचा डोंगर खाली येतो. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं. पण त्याच पुनर्वसन योजनेत तेरा जिल्ह्यांतली जवळपास दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त किंवा मजबूत करण्याचं कामही होतं. त्या तेरांत सोलापूर जिल्हाही होता. माती उतरवा, भिंतींत आरपार दगड घाला, वर काँक्रीटचा पट्टा फिरवा. दोन लाख घरांत नवरा-बायकोनं बसून ठरवलं असेल, काय ठेवायचं आणि काय पाडायचं. यावर एखादी कादंबरी नको होती?

आमच्या घराचा नंबर त्यात लागला नाही. आजी सांगते, त्या वर्षी सगळी आळी दिवाळीपर्यंत अंगणात झोपली. मग थंडी वाढली तसे लोक एकेक करून आत गेले. पुढच्या मे महिन्यात आजोबांनी पुन्हा माती टाकली. काय करणार? पत्र्याखाली वैरागचा उन्हाळा काढून बघा.

म्हणजे ज्या साण्याचे मी फोटो काढत होते, त्याच्या भोवती तीस वर्षं हे सगळं लटकत होतं. आईला ते माहीत होतं. मी ऱ्हासाबद्दल बोलायला लागले की ती फक्त एवढंच म्हणायची, "तुला बघायला बरं वाटतंय. पावसात रात्री परसात मी जातीय."

शेवटी झालं ते असं. माती गेली. सागवानी तुळया चांगल्या निघाल्या त्या ठेवल्या, दोन किडलेल्या बदलल्या. भिंतींत जागोजागी आरपार भोकं पाडून काँक्रीटचे जोड दिले, वर पट्टा फिरवला आणि हलकं छत घातलं. मागची खोली पूर्ण पाडून तिथं न्हाणी, संडास आणि ओटा असलेलं स्वयंपाकघर. पुढच्या सोप्यातली शहाबादी फरशी काढून, घासून परत बसवली. हिशेब अंदाजाच्या दीडपट गेला, त्यावरून अण्णा आणि काका महिनाभर बोलत नव्हते. साण्याच्या जागी मी हट्टानं काच बसवून घेतली. ती चौकोनी आहे, उजेडाची चकती आता पडत नाही. काचेतून दुपारी इतकं तापतं की आईनं वर गोणपाट टाकलंय.

भिंतीतलं बळदही निघालं. धान्य साठवायची ती पोकळी कधीतरी माझ्या लहानपणीच लिंपून टाकली होती. फोडताना सगळे गोळा झाले, काकासुद्धा आले. जुन्या घरात काहीतरी निघतं हे सगळ्यांनी कुठून कुठून ऐकलेलं. ज्वारीचा काळा पडलेला भुसा निघाला, उंदराची जुनी बिळं आणि एक फुटका मापटा. गवंडीकाकांनी विचारलं, "बुजवू का?" आई आत वाकून हातानं खोली मोजत होती. म्हणाली, "थांबा, इन्व्हर्टरची बॅटरी बसतीय हितं."