कॅमोफ्लाज जॅकेट चालतं, पण कशाच्या तुलनेत?

आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, तरी शिकाऱ्यांसाठी बनलेलं लपायचं सामान बाजारात मिळतंच. आता त्याचं गिऱ्हाईक म्हणजे वन्यजीव फोटोग्राफर. दाजीपूरला गवे बघायला जाणाऱ्यांच्या अंगावरही पानापानांचं जॅकेट दिसतं. महागड्या कपड्यांच्या जाहिराती तर पुढचं सांगतात: डिजिटल नक्षी प्राण्याच्या डोळ्याला फसवते, कार्बनचा थर माणसाचा वास अडवतो. पुरावा काय? जॅकेट घातलेला माणूस आणि जवळून काढलेला फोटो.

संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी इथं विचारायचं: कशाच्या तुलनेत? त्याच जागी, त्याच वाऱ्यात साधा मळखाऊ शर्ट घालून बसलेला माणूस कुठाय? प्राणी पळून गेला त्या दिवसाचा फोटो कुणी टाकत नाही, म्हणजे सॅम्पलही एकतर्फी.

शिवाय श्रेय भलत्यालाच जाऊ शकतं. कोल्हापूर संस्थान चित्त्यांकरवी होणाऱ्या काळविटांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. भारतात अशा शिकारीत चित्त्याला बैलगाडीतून कळपाजवळ नेत. गाडी लपवायची गरजच नसे, कारण शेतात रोज दिसणाऱ्या गाडीला काळवीट बुजत नसत. आज जीपमधून चांगला फोटो मिळाला, तर काम जॅकेटनं केलं की प्राण्याला झालेल्या जीपच्या सवयीनं? हे दोन घटक वेगळे करता येत नसतील, तर निष्कर्ष काढता येत नाही.

तत्त्व मात्र खोटं नाही. २००५ मध्ये इन्स कथहिल आणि सहकाऱ्यांनी झाडांच्या खोडांवर किड्यासारखे कागदी त्रिकोण लावले. कडेची रेषा तोडणारी नक्षी असलेले त्रिकोण पक्ष्यांच्या तावडीतून जास्त वाचले. तुलनेला नक्षी आतल्या बाजूला असलेले आणि साधे एकरंगीही होते, म्हणून तो निकाल पटतो. पण ते त्रिकोण हलत नव्हते. कॅमेरा उचलणारा माणूस हलतो.

आणि 'प्राण्याचा डोळा' असं एकच काही नसतं. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, पक्ष्यांच्या चार. आपल्याला हुबेहूब वाटणारी हिरवी-तपकिरी छटा हरणाला तशी दिसतच नाही. वासाचं म्हणाल तर कार्बनच्या कपड्यांची शोधकुत्र्यांवर चाचणी झाली, २००२ मध्ये ती प्रसिद्धही झाली. कपडे असूनही कुत्र्यांनी माणसं शोधलीच.

मग नीट चाचणी कशी करायची? कॅमोफ्लाज, साधा मळखाऊ आणि पांढरा असे तीन कपडे घ्या. रोज कोणता घालायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा. वाऱ्याची दिशा नोंदवा. प्राणी किती अंतरावर असताना पळाला ते मोजा, आणि पळाला तेही दिवस धरा. अभयारण्यात करायचं तर वनविभागाची परवानगी आधी.

कॅमोफ्लाज आणि मळखाऊ शर्टात फरक निघाला नाही, तर तोही निकालच आहे. जाहिरातीत तो छापत नाहीत. थिसिसमध्ये मात्र लिहावाच लागतो.