एक छायाचित्र: जे दाखवते आणि जे दाखवत नाही

मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पूर्वी वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे छोटे तिकीट बाहेर पडे. त्यावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले असे. शीव कोळीवाड्यातली आम्ही मुले दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवत असू. उंची व वजन यांवरून काढलेल्या बॉडी मास इंडेक्सकडे, म्हणजेच बीएमआयकडे, आज आपण जवळजवळ तसेच पाहतो. एकच आकडा वजनही सांगतो आणि भविष्यही!

या समजुतीला धक्का देणारे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे त्यात शेजारी शेजारी आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. भारतीयांसाठी २००९ साली सुचवलेल्या २३ या कडक मर्यादेच्याही आतला. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजलेली शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के! दोघांचे वजन ६० किलो आहे असे समजून विद्यार्थ्यांना गणित घालावे. चरबीत सव्वासात किलोंचा फरक निघतो. काट्याला तो दिसत नाही. हे एका दृष्टिक्षेपात पटवणे, हे या चित्राचे मोठे यश.

मात्र चित्र गाजले आणि सोबतचा मजकूर मागे पडला. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, असे याज्ञिकांनी तिथे मिस्कीलपणे नोंदवले आहे. आपले जन्मवजन कमी होते, हेही सांगितले आहे. म्हणजे फरकाची कारणे अनेक असू शकतात. ती वगळून ‘भारतीय असाच असतो’ एवढाच निष्कर्ष वर्गात सांगणे योग्य नव्हे. दोन माणसे हा पुरावा नसतो, ते उदाहरण असते. पुरावा इतरत्र आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी बरीच कमी होती, पण त्वचेखालील चरबी त्यामानाने टिकून होती.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. चित्र चरबी किती ते सांगते, ती काय करते ते सांगत नाही. पाहणाऱ्याला मेद म्हणजे निर्जीव लोण्याचा गोळा वाटतो. प्रत्यक्षात मेदऊतीत विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, काम सतत चालू असते. केशवाहिन्यांच्या भिंतीवरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर रक्तातील मेदाचे तुकडे करते, म्हणजे मेदाम्ले पेशीत शिरू शकतात. उपाशीपोटी साठा सोडवण्याचे काम दुसरी विकरे करतात. हार्मोन सेन्सिटिव्ह लायपेज हेच त्यातले मुख्य, असे बराच काळ मानले जाई. पण ते नसलेले उंदीर लठ्ठ झाले नाहीत; त्यांच्या मेदऊतीत अर्धवट तुटलेला मेद साचला. तेव्हा पहिला घाव घालणारे विकर वेगळेच असणार! ते, अॅडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेज, सापडले २००४ सालीच. योगायोगाने हे छायाचित्रही त्याच वर्षीचे.

जेवणानंतर इन्शुलिन साठवणाऱ्या विकराला चालना देते आणि साठा सोडवणाऱ्यांना लगाम घालते. मेदपेशी फार फुगल्या की हा लगाम सैल पडतो. मेदाम्ले बाहेर झिरपतात आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसतात. ऊतीला वाढायचे तर पेशींभोवतीचे कोलॅजनचे जाळेही मोकळे व्हावे लागते. मेटॅलोप्रोटीनेज नावाची विकरे ते कापून जागा करतात. जागा झाली नाही तर मेद भलत्या ठिकाणी जातो. म्हणून चरबी असणे हाच दोष नव्हे. ज्यांच्या शरीरात मेदऊती जन्मतः जवळजवळ नसतेच, अशा दुर्मिळ रुग्णांनाही तीव्र मधुमेह होतो, कारण त्यांच्याकडे मेद ठेवायला कोठारच नसते.

शिक्षकांसाठी यात एक जबाबदारी आहे. वर्गातल्या जाड मुलाला त्याच्या आकड्यावरून हिणवू नये आणि सडपातळ मुलाला त्याच आकड्यावरून निर्धास्तही करू नये. दोघांनाही मैदानावर पाठवावे. हे छायाचित्र भिंतीवर जरूर लावावे. पण त्याखालचा मजकूर कापू नये, आणि शेजारी फळ्यावर एक मेदपेशी काढावी. आत येणारा बाण कोणत्या विकराचा आणि बाहेर जाणारा कोणत्या, एवढे विद्यार्थ्यांना विचारले, तरी चित्रात जे नाही ते त्यांना दिसू लागेल.