ज्येष्ठताक्रम आणि जलाशयाची पातळी : कोलोरॅडो खोऱ्यातील २००७ च्या नियमावलीची चिकित्सा

पश्चिम अमेरिकेतील पाणीवाटपाविषयी लिहिताना ‘प्रथम वापर, प्रथम हक्क’ हे सूत्र एकदा उद्धृत केले की तेथील धरणांच्या परिचालनाचा उलगडा झाला, असा समज आपल्याकडील अभ्यासलेखनात वारंवार आढळतो. खाणकामगारांच्या तंट्यांतून आलेले व १८५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले हे सूत्र कालव्याच्या मुखाशी लागू करणे सोपे आहे. पाणी कमी पडले की कनिष्ठ हक्कदाराचे दार बंद करावयाचे. जलाशयात मात्र ज्येष्ठांचे व कनिष्ठांचे पाणी एकत्र साठते. तेथे ज्येष्ठता नेमकी कोणत्या रूपाने कार्य करते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

जून १९२२ मध्ये ‘वायोमिंग विरुद्ध कोलोरॅडो’ या दाव्यात संघीय सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र राज्यसीमा ओलांडूनही लागू केले. झपाट्याने वाढणारा कॅलिफोर्निया सारी नदी आधीच वापरून टाकील, या धास्तीने वरच्या राज्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार घडवून आणला व ऊर्ध्व आणि अधर खोऱ्यांस प्रत्येकी ७५ लक्ष एकर-फूट पाणी नेमून दिले. म्हणजे करार झाला तो ज्येष्ठता टाळण्यासाठी. ती परत आली १९६८ मध्ये. ‘ॲरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया’ या १९६३ च्या निकालाने कॅलिफोर्नियास ४४ लक्ष, ॲरिझोनास २८ लक्ष व नेव्हाडास ३ लक्ष एकर-फूट हे वाटे पक्के झाले. तथापि मध्य ॲरिझोना कालव्यास संसदेची मंजुरी हवी होती, आणि ती देताना कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधींनी त्या कालव्याचे पाणी आपल्या ४४ लक्षांहून कनिष्ठ ठरवून घेतले. या कनिष्ठतेचे मूळ केवळ वापराच्या तारखेत नाही. ते संसदेतील सौद्यात आहे. ज्येष्ठतेस निसर्गनियमासारखे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

डिसेंबर २००७ च्या नियमावलीने हा सौदा फुटांत मांडला. मीड सरोवराची पातळी १०७५ फुटांवर आली की अधर राज्यांच्या पुरवठ्यात ३ लक्ष ३३ हजार एकर-फुटांची कपात. त्यांपैकी ३ लक्ष २० हजार ॲरिझोनाची व १३ हजार नेव्हाडाची. १०५० व १०२५ फुटांवर ती वाढत जाते. कॅलिफोर्नियाची कपात तिन्ही टप्प्यांवर शून्य.

याच नियमावलीतील दुसऱ्या तरतुदीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १९३१ च्या सात पक्षांच्या करारानुसार कॅलिफोर्नियात एकाने न वापरलेले पाणी क्रमातील पुढच्यास मिळे; त्यामुळे बचत करून ते धरणात ठेवण्यात कोणासच स्वारस्य नव्हते. २००७ पासून असे वाचविलेले पाणी स्वतःच्या खात्यावर मीडमध्ये ठेवता येऊ लागले. ही सुधारणा खरी आहे, परंतु तिच्यात एक मेख आहे. खात्यांतील पाण्यानेही पातळी वाढते, आणि पातळी वाढली की कपात लांबते. तूट ठरविणारी मोजपट्टी अशा प्रकारे अंशतः खासगी ठेवींवर उभी राहते.

मोजपट्टी किती लवचीक आहे, हे २०२२ मध्ये दिसले. वरच्या पॉवेल सरोवरातील विद्युत्निर्मिती वाचविण्यासाठी ४ लक्ष ८० हजार एकर-फूट पाणी तेथेच अडविले गेले. मात्र २०२३ ची तूट ठरविताना ते मीडमध्ये पोहोचले आहे असे गृहीत धरले. प्रत्यक्ष अंदाज सुमारे १०४१ फुटांचा असताना हिशेबातील पातळी १०४७ फुटांवर राहिली. २०१९ च्या अवर्षण आराखड्यात कॅलिफोर्नियाने स्वीकारलेला वाटा १०४५ फुटांखाली सुरू होतो. तो त्या वर्षी सुरू झालाच नाही. यात कारस्थान शोधण्याचे कारण नाही, कारण अडविलेल्या पाण्याचा भुर्दंड अधर राज्यांस नको हे तत्त्व समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा लाभ क्रमाच्या दिशेने गेला, हेही नोंदविले पाहिजे. ॲरिझोनाची कपात २०२२ मध्येच ५ लक्ष १२ हजार एकर-फुटांवर गेली होती, आणि राज्यांतर्गत क्रमात तळाशी असलेल्या पिनाल परगण्यातील शेतकऱ्यांना तिची सर्वाधिक झळ बसली.

आपल्या वाचकांस हे आकडे टीएमसीत अधिक जवळचे वाटतील. दहा लक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी, एकट्या इंपीरियल सिंचन जिल्ह्याचा ३१ लक्षांचा वार्षिक हक्क सुमारे १३५ टीएमसी, म्हणजे जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या पावणेदोन पट होतो. गोदावरीत ज्येष्ठता मानली असती, तर दारणा व भंडारदरा ही जुनी धरणे जायकवाडीपुढे निःशंक जिंकली असती. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२(६)(क) ने ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत उपयुक्त पाण्याची टक्केवारी जवळपास समान राखण्याचा दंडक घातला. त्याच्या अंमलबजावणीतील दरवर्षीचे वाद सर्वज्ञात आहेत. तथापि तूट सर्वांची, हे गृहीतक तेथे निदान कायद्यात लिहिलेले आहे.

कोलोरॅडोत ज्येष्ठतेच्या कसोटीवरही एक पक्ष उपेक्षित राहतो. १९०८ च्या ‘विंटर्स’ निकालानुसार आदिवासी राखीव क्षेत्रांचे जलहक्क ती क्षेत्रे स्थापन झाल्याच्या तारखेपासून ज्येष्ठ ठरतात. नावाहो राष्ट्राचा अमेरिकेशी तह १८६८ चा, म्हणजे हूवर धरणाच्या कितीतरी आधीचा. त्या हक्काचे पाणी प्रत्यक्ष मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन तहाने केंद्र सरकारवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला.