अंतर भागिले उंची

हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांच्या 'हाय-स्पीड डिजिटल डिझाइन' (१९९३) या पुस्तकात क्रॉसटॉकचे एक छोटे सूत्र आहे. सर्किट बोर्डावर सोबत जाणाऱ्या दोन ट्रेसपैकी एकीचा सिग्नल दुसरीत किती उतरेल, याचा अंदाज ते देते. ट्रेसमधल्या अंतराला ग्राउंड प्लेनपासूनच्या, म्हणजे खाली पसरलेल्या तांब्याच्या थरापासूनच्या, उंचीने भागा, वर्ग करा, एक मिळवा आणि त्या बेरजेने 'के'ला भागा. के नेहमी एकाहून कमी. सिग्नल किती झटकन चढतो आणि ट्रेस किती लांबवर सोबत जातात, यावर तो ठरतो.

मला यातली उंची फार आवडते. भांडण दोन शेजाऱ्यांचे, पण निकाल तळमजल्याच्या हातात! अर्ध्या मिलिमीटर अंतरावरच्या दोन ट्रेस घ्या. १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन लेअरच्या बोर्डात ग्राउंड सुमारे दीड मिलिमीटर खाली असते. भागाकार एक तृतीयांश, म्हणजे केचा तब्बल ९० टक्के हिस्सा शेजारी पोचतो. चार लेअरच्या बोर्डात ग्राउंड ०.२ मिलिमीटरवर आले की भागाकार अडीच होतो आणि हिस्सा १४ टक्क्यांच्या आत येतो. ट्रेस मात्र जागच्या हललेल्याही नाहीत.

हा वर्ग आणि तो एक येतात परतीच्या करंटमधून. वेगवान सिग्नलचा करंट ग्राउंडमधून परतताना कमीत कमी इंडक्टन्सची वाट धरतो, म्हणजे आपल्याच ट्रेसच्या खालची. पण तो एका रेषेत मावत नाही. दोन्ही बाजूंना विरळ होत जातो, आणि त्या विरळ होण्याचे गणित अगदी हेच आहे! शेजारणीला होणारा त्रास म्हणजे तिच्या पायाखाली पसरलेला परका करंट. इतक्या कमी चिन्हांत इतके चित्र क्वचितच मावते.

सूत्रात न लिहिलेली अट एकच: ग्राउंड अखंड हवे. जागा पुरत नाही म्हणून त्यातून एखादी ट्रेस ओढली की फट पडते. वरून जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलचा करंट मग फटीच्या टोकाला वळसा घालतो आणि सगळे त्याच वळणावर एकमेकांत मिसळतात.

ट्रेसची रुंदी सूत्रात कुठेच नाही. तरी 'मध्यापासून मध्यापर्यंत तीन पट रुंदी सोडा' हा लेआउटवाल्यांचा नियम चालतो, कारण पन्नास ओहमची ट्रेस साधारण उंचीच्या दुप्पट रुंद असते. दोन लेअरच्या बोर्डावर पाव मिलिमीटरच्या ट्रेसला हे नातेच उरत नाही. नियम पाळून पाऊण मिलिमीटर सोडले, तरी ८० टक्के त्रास शिल्लक राहतो.